एकसारखं नको म्हणणारे भोईरभाऊ

आमच्या इस्पितळात कुणी नवीन कामाला लागलं की भोईरभाऊ त्याला हमखास विचारायचे, "तुझ्या घराची चावी शेजाऱ्याच्या कुलपाला लावून बघितलीस कधी?"

मलाही त्यांनी विचारलं. दोन हजारनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून मी भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात लागले होते. चाळीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर, कायम भरलेला बाळंतिणींचा वॉर्ड आणि तळमजल्यावर छोटीशी रक्तपेढी. मी त्या रक्तपेढीत. बाहेर लूमचा खडखडाट इतका सततचा, की तो थांबला तर माणसं दचकून वर बघायची आणि म्हणायची, "लाईट गेली."

मी प्रश्नावर हसले. तसे भोईरभाऊ म्हणाले, "चल गो बाय, दाखवतो." त्यांनी माझ्याकडून रक्तपेढीची चावी घेतली आणि समोरच्या औषधांच्या स्टोअरच्या कुलपाला लावली. कुलूप उघडलं. मग रेकॉर्डच्या खोलीचं उघडलं. एक्स-रेच्या खोलीचं जरा हिसका देऊन उघडावं लागलं, पण उघडलं. स्टोअरकीपर जेवता जेवता उठून उभाच राहिला.

"ट्रस्टनं एका दुकानातून डझनभर कुलपं आणली," भोईरभाऊ चावी माझ्या हातात ठेवत म्हणाले. "कुलपं बारा, पण आतून एकच. चोराला एकदाच शिकायचं."

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना बोलावून चांगलंच झापलं. कुलपं मात्र आठवड्याभरात बदलली.

हरेश्वर भोईर आमच्या इस्पितळाचे कॉम्प्युटर बघायचे. हुद्दा ऑपरेटरचा, काम सगळंच. ठेंगणे, सावळे, चाळिशी ओलांडलेली, चालताना मान जरा पुढे. पडघ्याच्या अलीकडच्या एका गावातलं आगरी घर. शिक्षण आयटीआय. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटरकडे वळले ते कायमचेच. इस्पितळात शहरी मराठी बोलायचे, पण घाईला आले की गावची बोली बाहेर पडायची. आम्हा सगळ्याजणींना 'बाय' म्हणायचे. मी कांबळ्यांची वैशाली, पण हजेरीपटाबाहेर ते नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

त्यांची खोली जिन्याखाली होती. तिथं एका टेबलावर इंग्रजी कागदांचा गठ्ठा असायचा. सायबर कॅफेतून छापून आणलेले, कुठल्या कुठल्या विद्यापीठांतल्या लोकांनी लिहिलेले लेख. त्यांचं इंग्रजी बेताचं. शेजारी शब्दकोश उघडा ठेवून, पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत ते वाचायचे. एक लेख वाचायला दोन-दोन महिने लागायचे. डबा खाताना सुद्धा डाव्या हाताखाली कागद.

एकदा मी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?"

त्यांनी डबा बाजूला सारला. कुणी विचारलं की त्यांना फार आनंद व्हायचा, कारण कुणी विचारत नसे. म्हणाले, "बघ. जगातल्या बहुतेक कॉम्प्युटरमधे एकच प्रोग्राम. तोही आतून अगदी तस्साच. म्हणजे एकाच नकाशावरची लाखो घरं. चोरानं एका घरात तिजोरी कुठं आहे ते शोधलं की सगळ्या घरांत त्याला ठाऊक. हे लोक म्हणतात, घरं बाहेरून सारखी दिसू देत, माणसांची सोय होते. पण आतल्या खोल्या दर घरात फिरवून टाका. एका घरात तिजोरी जिन्याखाली, दुसऱ्यात माळ्यावर. घरमालकाला फरक न्हाय. चोराला मात्र दर घरी पहिल्यापासून सुरुवात."

आणि ते नुसतं वाचत नव्हते. पेशंटच्या नोंदीचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. नोंदणीच्या खिडकीवर, वॉर्डात, लॅबमधे, रक्तपेढीत तो पडद्यावर एकसारखाच दिसायचा. पण प्रत्येक ठिकाणची प्रत तयार करताना त्याचे आतले तुकडे ते वेगळ्या क्रमानं लावत. शिवाय सगळी मशीनं त्यांनी एका जातीची ठेवली नव्हती. बहुतेकांवर बाजारात सगळीकडे असते तीच सिस्टीम होती, पण माझ्या रक्तपेढीतल्या मशीनवर लिनक्स नावाची वेगळीच सिस्टीम घातली होती, आणि रक्तदात्यांच्या यादीची एक प्रत रोज तिथं उतरायची.

ती यादी हा त्यांचा जीव की प्राण. माणूस भेटला की "काय, बरं हाय ना?" च्या पाठोपाठ "रक्तगट कुठला?" असायचंच. रिक्षावाले, दापोड्याच्या गोडाऊनमधले हमाल, लूमवरचे कामगार, भाजीवाल्या. गट, नाव, पत्ता, फोन. कुणाचा दुर्मीळ ओ निगेटिव्ह निघाला तर त्या दिवशी भोईरभाऊंचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

त्यांच्या घरी मी एकदा गेले होते, त्यांच्या पुतणीच्या लग्नाला. त्यांची आई ओटीवर बसून होती. मुलगा इस्पितळात नक्की काय करतो हे मी तिला समजावून सांगायला लागले, तर म्हातारीनं हात हलवला. म्हणाली, "त्यात नवीन काय गो? आमी लवकर पिकणारा हलवा भात लावू, निमगरवा लावू, उशिराचा गरवा लावू. सगला एकाच दिशी पिकला तं एकाच पावसात जातो." भोईरभाऊ मागं उभे राहून ऐकत होते. मला म्हणाले, "मी दोन महिने शब्दकोश घेऊन बसलो होतो, आणि हिला ठाऊक होतं." त्या वेळी त्यांच्या शेतातला एक तुकडा उरला होता. बाकीच्या गावात गोडाऊनच्या पत्र्यांच्या रांगा लागल्या होत्या.

मग तो पावसाळ्यातला दिवस आला. दुपारचे बारा वाजले असतील. नोंदणीच्या खिडकीवरचं मशीन आपोआप बंद झालं. चालू केलं, मिनिटभरानं पुन्हा बंद. मग वॉर्डातलं, मग लॅबमधलं, मग सेक्रेटरीसाहेबांच्या केबिनमधलं. पडद्यावर एक चौकोन यायचा, उलटे आकडे मोजायचा आणि सगळं काळं. त्या आठवड्यात गावभर हेच चाललं होतं, हे नंतर कळलं. इंटरनेटच्या जाळ्यातून एक व्हायरस आला होता, आणि ज्या ज्या मशीनवर ती एक सिस्टीम होती, तिथं तो न विचारता शिरत होता.

त्याच वेळी अंजूरफाट्याकडून एक बाई आणली होती, बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं. आमच्या डॉक्टर अन्सारी मॅडम थिएटरमधून स्वतः धावत खाली आल्या. "वैशाली, ओ निगेटिव्ह. कितना है?"

एक पिशवी होती. ती दिली. "और चाहिए. जल्दी."

ठाण्याहून मागवायचं तर रस्ता तुंबलेला. मी माझ्या मशीनकडे वळले. ते शांतपणे चालू होतं. इस्पितळातलं तेवढं एकच. यादी उघडली. पडघ्याचे गणपत पाटील, ट्रक ड्रायव्हर, ओ निगेटिव्ह. फोन लावला तर ते घरी जेवायला बसलेले. "येतंय," एवढंच म्हणाले आणि हात धुऊन मोटारसायकलवर निघाले. आणखी दोघं शहरातलेच आले.

बाई वाचली. संध्याकाळी भोईरभाऊ एकेक मशीन साफ करत बसले होते. मी जाऊन सांगितलं. ते नाकावरचा चष्मा काढून बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

एवढं झाल्यावर त्यांना कुणी डोक्यावर घेतलं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की भोईरांच्या राज्यात इस्पितळाचे कॉम्प्युटर एक दिवस बंद पडले.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पद्धतीचा आम्हाला त्रासही होता. लॅबमधल्या मशीनची सवय झालेली मुलगी रक्तपेढीत ड्युटीला आली की, प्रोग्राम तसाच दिसला तरी, लिनक्सनं गोंधळायची. प्रिंटर एकाला चालायचा, दुसऱ्याला नाही. एखादी प्रत अडली की बाहेरचा मेकॅनिक हात लावायला तयार नसायचा. म्हणायचा, "ये किसने बनाया है? उसी को बुलाओ." त्यांची आई गेली तेव्हा भोईरभाऊ बारा दिवस गावी होते. त्या बारा दिवसांत माझं मशीन अडलं. क्रॉसमॅचचे, म्हणजे रक्त पेशंटला जुळतं का त्याचे, रिपोर्ट छापता येईनात. हातानं लिहून दिले तर वॉर्डातून परत आले. नातेवाईक काचेवर हात आपटत होते. एकानं मला वाट्टेल ते ऐकवलं. मी स्टोअरमधे जाऊन रडले.

पुढच्या महिन्यात स्टाफनं अर्ज केला, सगळीकडे एकसारखी मशीनं आणि एकसारखी सिस्टीम द्यावी. त्यावर अठरा-वीस सह्या होत्या. त्यात माझी होती.

ठाण्याच्या एका कंपनीला काम दिलं गेलं. टाय लावलेले दोघं आले, दोन दिवसांत सगळी मशीनं बदलली. एकदा तयार केलेली तीच प्रत सगळीकडे. दिसायला छान होतं. कुठंही बसा, सगळं जागच्या जागी. भोईरभाऊंना सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं. तीन वाक्यांत निरोप झाला असणार, कारण ते आत गेले आणि मी चहा संपवायच्या आत बाहेर आले.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळं रीतसर सोपवलं. पासवर्ड लिहून दिले, प्रोग्रामचे कागद दिले. त्या टायवाल्या मुलांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, "निदान रक्तदात्यांची यादी एका वेगळ्या मशीनवर ठेवा. लिनक्स नको तर दुसरं काही ठेवा. पण हेच नको." मुलं मान हलवत होती. त्यातल्या एकानं फोनवर बोलता बोलता मान हलवली. जाताना भोईरभाऊ माझ्या खिडकीशी थांबले. म्हणाले, "येतो गो बाय." मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी नळ्यांना चिठ्ठ्या लावत राहिले.

नंतर कळलं, ते दापोड्याला एका गोडाऊनमधे लागले. माल आला-गेला बघायचं काम. कॉम्प्युटरशी संबंध नाही.

चार वर्षं काही झालं नाही. इतकं काही झालं नाही, की भोईरभाऊ उगाच बाऊ करायचे असं आम्ही चहाला म्हणायचो. मीसुद्धा म्हटलेलं आहे.

मग दशक संपत आलं असताना, एका सकाळी कुणीतरी पेनड्राइव्ह लावला. कुणी ते कधी कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. फायलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायला लागले, क्लिक केलं की काहीच उघडेना. अर्ध्या तासात सगळ्या मशीनवर तेच. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, बॅकअप सर्व्हरवर आहे, काळजी करू नका." पण सर्व्हरही त्याच जातीचा, त्याच प्रतीचा. तोही गेला होता.

अकरा वाजता नसीमला आणलं. शांतीनगरकडची, वय बावीस, पहिलं बाळंतपण. नवरा लूमवर, शिफ्ट सोडून आलेला, केसांत सुताचे तंतू. ओ निगेटिव्ह. शीतकपाटात दोन पिशव्या होत्या, दोन्ही गेल्या. अन्सारी मॅडमनी जिन्यातून नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. यादीच्या नावावर शॉर्टकटचा एक छोटा बाण होता. मी त्याच्यावर दाबत राहिले. किती वेळा दाबलं ते सांगता येणार नाही.

आठवणीतलं एकच नाव होतं, गणपत पाटील. नंबर पाठ नव्हता. ड्रायव्हरला पडघ्याला पाठवलं. गणपतराव गाडी घेऊन इंदूरला गेलेले. कल्याणहून रक्त निघालं, ते रांजनोली नाक्याच्या गर्दीत अडकलं. नसीमचा नवरा शर्टाची बाही वर करून माझ्या खिडकीशी उभा होता. "मैडम, मेरा ले लो ना. जितना चाहिए ले लो." त्याचा गट बी पॉझिटिव्ह. मी त्याला दोनदा समजावलं. तो तिसऱ्यांदा हात पुढं करून उभा राहिला.

अडीच वाजता नसीम गेली. मुलगी वाचली.

अन्सारी मॅडम मला म्हणाल्या, "रक्त वेळेवर मिळालं असतं तरी ती वाचली असती का, सांगता येत नाही." त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. पण तीन दिवसांनी मशीनं साफ झाली आणि यादी परत उघडली. पहिल्या पानावर एक ओ निगेटिव्ह होता तो इस्पितळाच्या मागच्या गल्लीतला, कापडाच्या तुकड्यांचं दुकान असलेला. माझ्या खिडकीतून त्याच्या दुकानाची पाटी दिसते. मी रोज बघत होते ती.

भोईरभाऊंच्या कानावर कुणी घातलं माहीत नाही. आठवड्यानं ते आले. रक्तपेढीच्या बाकावर बसले. खंगलेले वाटले. मी पाणी दिलं ते हातात धरून बसले, प्याले नाहीत.

"माझ्याकडे व्हती गो," ते म्हणाले. "घरच्या मशीनवर. पुरी यादी."

मला समजेना. "मग?"

"शेवटच्या दिवशी घरी गेलो आणि पुसली. लोकांनी इस्पितळाला इस्वासानं नंबर दिलेले. नोकरी सुटल्यावर ते माझ्या घरात कशाला? असं वाटलं. बरोबरच वाटलं तवा." ते थांबले. "नसती पुसली तर तुला सांगून ठेवलं असतं, आणि तू मना फोन केला असतास. केला असतास ना?"

"केला असता," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "भाऊ, त्या अर्जावर माझी सही होती."

"ठाऊक हाय. साहेबांनी दाखवला व्हता अर्ज." ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तुझं चुकलं न्हाय. मी गावाला गेलो तवा तू रडलीस, हे मना स्टोअरकीपरनं सांगितलं. चूक माझी. सगली मशीनं वेगवेगळी केली आणि ती चालवणारा माणूस एकच ठेवला. मी. मी पडलो की सगलंच पडलं. कागदावर लिहिलेलं एवढं वाचलं, आणि हे दिसलं न्हाय."

पेला तसाच ठेवून ते उठले. दारात वळून विचारलं, "पोरगी कोणाकडे हाय?" मी म्हटलं, नवऱ्याच्या बहिणीकडे. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर इस्पितळात ते आले नाहीत, पण त्यांच्याबद्दल ऐकू यायचं. ते रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी यादी नव्यानं करत होते. माणसांना विचारून, त्यांच्या परवानगीनं, हातानं. पुरी यादी एका जागी ठेवत नव्हते. एक वही पडघ्याच्या एका शाळेतल्या बाईंकडे, एक दापोड्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे, एक अन्सारी मॅडमकडे. ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलानं ती मोबाइलमधे उतरवली होती, शाळेतल्या बाईंनी त्यांच्या पद्धतीनं कार्डं केली होती. कुणी कसं ठेवायचं ते भोईरभाऊ सांगत नसत. फक्त महिन्याला फोन करून विचारत, "उघडते ना?"

दीड वर्षानं ते गेले. झोपेत, हृदयविकारानं. मला दोन दिवसांनी कळलं. मी त्यांच्या गावी गेले तर ओटीवर पुतणी होती, आणि शेताच्या त्या उरलेल्या तुकड्यावर गोडाऊनचे खांब उभे राहिले होते.

पण मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याआधी दोन-अडीच महिने. मी मावशीकडे वाड्याला निघाले होते. एसटी अंबाडी नाक्याला थांबली. भर दुपार, रस्त्यावर ऊन पांढरं झालेलं. जीपवाले पाशिंजरांची वाट बघत सावलीला उभे होते, आणि त्यांच्यात भोईरभाऊ. एका जीपच्या बॉनेटवर वही ठेवून लिहीत होते. बॉनेट तापलेलं असणार, कारण मनगट टेकवत नव्हते. जीपवाला हसत पलीकडच्याला ओरडून विचारत होता, "ए, तुजा कुठला रं? रक्ताचा गट?"

पलीकडचा म्हणाला, "मना काय ठावं?"

भोईरभाऊंनी मान वर केली. "ठावं न्हाय तर तपासून घेऊ. अर्ध्या तासाचं काम हाय. मी येतो सोबत."

मी खिडकीतून हात बाहेर काढला, हाक मारली. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. उतरावं का असा विचार करत मी पिशवी उचलली, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तेव्हा ते वही काखेत घेऊन तिसऱ्या जीपकडे चालले होते.